ढील

मोठा मासा सुटला की नवशिक्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘सर, तंगूस कच्चा निघाला.’ मी वाद घालत नाही. तुटलेलं टोक मागून घेतो आणि उन्हात धरून बघतो. टोकाला वेटोळं पडलेलं असेल तर गाठ घसरली. शेवटची हात-दीड हात लांबी खरखरीत, पांढरट झाली असेल तर दोरा दगडाला नाहीतर बाभळीच्या खुंटाला घासला. यातलं काहीच दिसलं नाही, तर रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा किती ओढीला सुटावा ते ठरवणारा ब्रेक, आवळून ठेवलेला असतो आणि तो अजूनही तसाच आवळलेला सापडतो. तंगूस खरोखरच कच्चा निघाल्याची उदाहरणं फार थोडी. मासा झटापटीत सुटला असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो आधीच सुटलेला असतो, काठावर बसून चहा पीत गाठ मारली तेव्हा.

मत्स्यशास्त्र शिकवणं हा माझा पेशा आणि गळ टाकणं हा नाद. दोन्ही पायी उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण-पळसदेवच्या बाजूला, बरंच फिरणं होतं. तिथे चिलापी कुणालाही लागते. पोरंटोरं बांबूच्या काठीला गांडूळ लावून पिशवी भरून नेतात. अडचण होते ती आठ-दहा किलोचा कटला किंवा सायप्रिनस लागतो तेव्हा. चिलापीवर शिकलेलं सगळं त्या क्षणी उलटं करावं लागतं.

आधी हे मासे कोण, ते सांगतो. कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे आपल्या भीमा-कृष्णेचे नव्हेत, गंगेच्या खोऱ्यातले. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तर परदेशी. १९३९ साली श्रीलंकेतून उटीला आणला गेला आणि त्याचा दुसरा, उष्ण पाण्यात रमणारा वाण १९५७ मध्ये बँकॉकहून कटकला आला. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि गवत्या (ग्रास कार्प) हेही परदेशी, १९५९ मध्ये आलेले. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून एके काळी सगळं बीज नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी मस्तकग्रंथीचा अर्क टोचून या माशांचं प्रजनन करून दाखवलं, आणि मग देशभरच्या धरणांत बोटुकली सोडणं शक्य झालं. उजनीत तुमच्या गळाला लागणारा कटला बहुधा कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

कुठे आणि काय टाकायचं हे माशाच्या तोंडावरून कळतं. कटल्याचं तोंड मोठं आणि वरच्या अंगाला वळलेलं, त्याला मिशा नाहीत. तो वरच्या थरातलं बारीक प्लवक पाण्यासकट ओढून घेतो. रोहू मधल्या थरातला. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरणारे. सायप्रिनसला मिशांच्या दोन जोड्या असतात आणि तो गाळ हुंगत पुढे सरकतो तेव्हा वर बुडबुड्यांची रांग उठते. जबड्यात दात यांच्यापैकी कुणालाच नाहीत. दात असतात ते घशात, शिंपल्या आणि दाणे भरडायला. म्हणजे हे मासे चावत नाहीत. आमिष ओढून घेतात, पटलं नाही तर तितक्याच झटक्यात थुंकतात. हे ओढणं-थुंकणं इतकं पटकन उरकतं की वर बुचाला फक्त एक कंप जाणवतो. इंग्लंडातल्या कार्पवेड्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली: आमिष गळावर न खोचता गळामागे एका केसाएवढ्या दोऱ्यावर लोंबतं ठेवायचं. मासा आमिष ओढतो, गळ पाठोपाठ मोकळाच आत जातो आणि थुंकताना ओठात रुततो. फुगलेला मका किंवा भिजवलेले हरभरे असे लावून सायप्रिनससाठी बघा, फरक दिसेल.

कटल्याला मात्र दाणा नको, पीठ हवं. डाळ्याचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, थोडा भाताचा कोंडा, गूळ, बडीशेप. हिंग घालावा की नाही यावर काठावर भांडणं होतात. मी घालत नाही, आणि घालणाऱ्यांनाही मासे लागतात. मुद्दा वासापेक्षा गोळा किती घट्ट मळला याचा आहे. पाण्यात टाकल्यावर तो हळूहळू विरघळून त्याचा ढग झाला पाहिजे. खूप तिंबलेली कणीक तळाशी ढेकळासारखी पडून राहते आणि चिलाप्या ती कोरून खातात. काही जुने हौशी एका गोळ्याभोवती चार-चार गळ खोचतात. ते मला पसंत नाही. एक ओठात, दुसरा कल्ल्याजवळ, तिसरा जाळीत अडकतो आणि शेवटच्या हातभर अंतरात सगळा घोळ होतो. एकच गळ घ्या, पण त्याचं टोक नखावर टेकवलं की घसरता कामा नये.

आता ड्रॅग. माझ्या मते नवशिक्याने निम्मा वेळ इथे घालवावा. रिळावर आठ किलोचा तंगूस असेल तर ड्रॅग दोन ते अडीच किलोला सुटला पाहिजे, म्हणजे ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. हे बोटाने ओढून कळत नाही. प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा दोऱ्याला बांधा, काठी वाकवून धरा आणि मित्राला काटा घेऊन मागे चालत जायला सांगा. आकडा बघून प्रत्येकाला धक्का बसतो. अडीच किलो ओढ म्हणजे काठी कमानीसारखी वाकते आणि मनगट थरथरतं. काठी लांब असल्यामुळे तरफेचा फायदा माशाला मिळतो, आपल्याला नाही. आपण जीव खाऊन ओढतोय असं वाटतं तेव्हा गळापाशी ओढ किलोभरही नसते. उलट काठी खाली करून दोरा सरळ हातात धरला तर क्षणात आठ किलो ओलांडतात. गाठ ओली करून आवळायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमजोर होतो. गाठ मारून झाली की तोच काटा लावून तिची परीक्षा घ्या.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. दोरा जसजसा बाहेर जातो तसतशी रिळावरची गुंडाळी बारीक होते आणि तोच ड्रॅग अधिक ओढ मागू लागतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला तर ओढ दुप्पट. शिवाय लांबवर पसरलेल्या दोऱ्याला पाणीही मागे खेचतं. म्हणजे मासा दूर धावतोय तेव्हा ड्रॅग थोडा सैल करायला हवा. नवशिका नेमकं त्याच वेळी, दोरा संपतोय या धास्तीने, तो आवळतो. वर म्हटलेला आवळलेला ड्रॅग तो हाच.

मासा लागला. बुच बुडालं, नाहीतर माशाने तळातलं आमिष उचलल्यामुळे आडवं पडलं. काठी एका लयीत उचला, हिसका देऊ नका. विशेषतः कटल्याच्या तोंडाच्या कडेचा पडदा पातळ असतो, तो फाटतो. मग पहिली धाव. या धावेत काहीही करायचं नसतं, आणि माणसाला हेच सगळ्यात जड जातं. काठी दोऱ्याशी काटकोनाच्या जरा आत धरा, ड्रॅगला कुरकुरू द्या, हँडलवरचा हात काढा. ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवलं तर दोरा एक इंचही आत येत नाही, नुसता पीळ पडतो आणि पुढच्या फेकीला त्याचा गुंता होतो.

संक्रांतीला पतंग काटलेल्या माणसाला इथून पुढचं लवकर समजतं. ढील म्हणजे मांजा सोडून देणं नव्हे. बोटांत ताण कायम ठेवून जाऊ देणं. माशाच्या अंगात दोन प्रकारचे स्नायू असतात. कातडीलगत, कुशीवर लाल स्नायूंची पातळ पट्टी, ती दिवसभर संथ पोहायला. बाकीचा सगळा पांढरा स्नायू जोरदार धावेसाठी. तो प्राणवायूवाचून चालतो पण लवकर थकतो आणि पुन्हा ताजा व्हायला त्याला तास लागतात. धावेचं इंधन धावेतच संपतं. तुमचा ताण कायम असेल तर मासा प्रत्येक धावेला स्वतःच स्वतःला दमवतो. तो थांबला की मात्र ढील संपली. त्याच क्षणी काठी सावकाश उचला, मग खाली आणता आणता गुंडाळा, पुन्हा उचला. तो विसावत असताना तुम्ही घाम पुसत बसलात तर लाल पट्टीवर तो निवांत पोहत राहतो आणि झुंज अकारण लांबते. लांबलेली झुंज माशालाही मारक. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना जेमतेम साडेसात. मे महिन्यातल्या उजनीत पाऊण तास खेळवलेला मासा सोडला तरी वाचेल याची खात्री नाही.

सायप्रिनस लागला की तो खाली मुसंडी मारतो आणि अडचणीकडे धावतो. उजनीच्या पोटात बुडालेली गावं आहेत, भिंती आहेत, बाभळीची खुंटं आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं तसं हेही थोडंफार दिसतं. तेव्हा जाऊन बघून ठेवावं. मासा खुंटाकडे निघाला तर काठी आभाळाकडे नेण्यात अर्थ नाही, त्याने मासा वर येतो पण वळत नाही. काठी पाण्याला समांतर, माशाच्या धावेच्या उलट बाजूला झुकवा. डोकं वळलं की धड मागोमाग वळतं. रोहू याहून चपळ, दिशा बदलत राहतो. कटला मोठ्या डोक्याचा, जड. तो मधल्या पाण्यात हळू पण न थांबता निघतो, आणि नवशिक्याला वाटतं ओंडका अडकला.

सगळ्यात जास्त मासे सुटतात ते काठीभर अंतरावर. नायलॉन तुटण्याआधी बराच ताणला जातो. पन्नास मीटर बाहेर असताना हा ताण काही मीटर सवलत देतो. दोनच मीटर बाहेर असताना फारच थोडी. त्यात माशाला माणूस दिसतो आणि तो उरलीसुरली ताकद लावतो. म्हणून मासा जवळ आला की ड्रॅग किंचित सैल. दांड्याची जाळी आधीच पाण्यात बुडवून स्थिर धरायची, तोंड रुंद आणि पिशवी खोल असलेली. जाळी घेऊन माशामागे धावायचं नाही. कुशीवर कललेला मासा डोक्याकडून जाळीवर ओढून आणायचा. शेपटीला जाळी लागली तर तो पुढेच उसळतो. आत आला की दांडा धरून उचलू नका. हवेच्या पिशवीमुळे पाण्यात दहा किलोचा मासा जवळपास बिनवजनी असतो, बाहेर तो दहाच किलोचा. दांडा मोडतो. जाळीची कड धरून ओढून घ्या. पाण्यात उतरण्याचा मोह मात्र टाळा. उजनीच्या काठचा गाळ वरून तडकलेला दिसतो आणि खाली मांडीभर पाय रुततो; मुंबईच्या पवई तलावासारख्या ठिकाणी तर मगरीही आहेत.

१३ सप्टेंबर १९५२ ला इंग्लंडातल्या रेडमायर तळ्यात रिचर्ड वॉकर या मासेमाराने ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे वीस किलोचा कार्प काढला. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९७१ पर्यंत जगला, लोक तिकीट काढून बघायला जात. तोच हा सायप्रिनस, जो भिगवणच्या लिलावात टोपलीने जातो. माशाचं नशीब कुठे जन्मतो त्यावर.

बाहेर काढलेल्या माशाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे आधी मालकीचा आहे. बहुतेक जलाशयांतली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांकडे असते आणि बोटुकली त्यांनी सोडलेली असतात. संस्थेच्या माणसाला आधी विचारा. हौशी गळाला ते सहसा नाही म्हणत नाहीत, पण न विचारता टाकलेल्या गळाला म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. सोडायचा असेल तर हात ओले करून पोटाखालून आधार द्या, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. फोटो एकच. मग पाण्यात उभा धरून ठेवा, शेपटीचा जोर तुम्हाला जाणवेपर्यंत.

घरी न्यायचा असेल तर मोठा नेऊ नका, हा माझा आग्रह. अंड्यावर आलेली कटल्याची मादी किलोमागे लाखभर अंडी बाळगते आणि जुलैतल्या पहिल्या पुराला वर चढून जायचा प्रयत्न करते. शिवाय दहा किलोचा कटला तेलकट लागतो. भिगवणचे खाणारे लोक रश्श्याला दीड-दोन किलोचा रोहू मागतात, आणि डोकं वेगळं करून घेतात.