वर्णनात्मक नोंद

गुडघ्याच्या हाडाला आपल्याकडे वाटी का म्हणतात, हे मला ती फुटल्यावर कळलं. एक्स-रेमध्ये ती खरोखरच हातातून निसटून फरशीवर पडलेल्या वाटीसारखी दिसत होती. दोन तुकडे, मध्ये काळी फट.

जुलै महिना होता, झड लागलेली. शाळा सुटल्यावर मी मोटरसायकलनं कळंबकडे निघालो होतो. आमच्याकडची काळी माती ओली झाली की टायर सोडत नाही. कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं वावरातून डांबरीवर आणून टाकलेल्या चिखलावर चाक सरकलं आणि मी डाव्या गुडघ्यावर आपटलो. त्याच रात्री यवतमाळला भरती झालो आणि दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. वाटीत दोन बारीक सळ्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वळवलेली तार.

तारेचं गणित डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. मांडीचा स्नायू वाटीला सतत वर ओढतो. त्या ओढीनं तुकडे एकमेकांपासून फाकतात. पण तार वाटीच्या पुढच्या बाजूला ताणून बसवली, की गुडघा वाकताना तीच ओढ आतल्या बाजूनं तुकड्यांना एकमेकांवर दाबते. म्हणजे ज्या ओढीनं हाड फाकतं, तिलाच ते जुळवायच्या कामाला लावायचं. मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण इतकं नेमकं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी शिक्षक आहे. वर्ग पाच, शिक्षक दोन. पाय सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे होता. तेवढ्या काळात पोळा येऊन गेला. तान्ह्या पोळ्याला माझ्याच वर्गातली पोरं लाकडी बैल ओढत दारात आली, बोजारा मागितला आणि ओसरीत खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या मला विचारलं, "सर, तुमचा पाय काऊन वाकत नाई?"

पट्टा निघाला तेव्हा मलाही तोच प्रश्न पडला.

यवतमाळच्या दत्त चौकापासून थोड्या अंतरावर एका फिजिओथेरपिस्ट मॅडमचं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या गुडघ्याला एक पारदर्शक प्लास्टिकचं यंत्र लावलं. मी हसलो. "हे तर कोनमापक आहे. पाचवीला मीच शिकवतो." त्यांनी वाचून सांगितलं, 35 अंश. लघुकोन, तोही नापास होण्याइतका लघु. साधं चालायला साठेक अंश लागतात, जिना चढायला ऐंशी-नव्वद, खुर्चीतून उठायला नव्वदच्या वर आणि उकिडवं बसायला 130 च्याही पुढे. टेप लावून मांडी मोजली. डावी उजवीपेक्षा चार सेंटिमीटरनं बारीक झाली होती.

मग त्यांनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाल्या, "ही खाली दाबा. मांडी आवळा."

मी आवळली. म्हणजे मला तसं वाटलं. मांडी ढिम्म. पुन्हा आवळली, दात खाल्ले, कपाळावर घाम आला, मान ताठरली, उजवी मांडी दगडासारखी झाली. डावी तशीच मऊ.

"जोर कमी पडतोय," मी म्हणालो.

"जोर नाही, निरोप पोचत नाहीये," त्या म्हणाल्या. "सांध्यात सूज असली की सांधाच मांडीच्या स्नायूला बंद ठेवतो. हा स्नायूचा आळस नाही. त्याला आधी जागं करायचं आहे." त्यांनी दोन बोटांनी मांडीवर टिचक्या मारल्या आणि तिथेच लक्ष द्यायला सांगितलं. चौथ्या-पाचव्या खेपेला कातडीखाली काहीतरी थरथरलं. "हं, हेच. आजचा अभ्यास झाला."

परतताना एसटीत मला माझ्या वर्गातला तिसरीचा एक मुलगा आठवत राहिला. वजाबाकी दिली की तो असाच ढिम्म बसायचा. त्याच्या आईला मी सांगितलं होतं, "याच्या डोक्यात गणितच नाही." ती बिचारी मान हलवून गेली होती.

तपासणीनंतर दुसऱ्या भेटीत मॅडमनी विचारलं होतं, "या पायानं तुम्हाला काय करायचं आहे?"

"चालायचं आहे."

"चालून?"

मला उत्तर देता आलं नाही. पण त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांकडे उत्तर होतं. घाटंजीकडच्या एका बाईचा खांदा आखडला होता. हात कानापर्यंत जात नव्हता. कापूस वेचायची मजुरी किलोवर मिळते. दसऱ्यानंतर वेचणी सुरू व्हायच्या आत तिला हात मोकळा हवा होता. मनगट मोडलेल्या एका आजींना भाकर थापायची होती. मॅडमनी त्यांना रबरी चेंडू दिलाच नाही, घरी कणकेचा गोळा मळायला सांगितला. लकवा मारलेल्या एका काकांना दुसऱ्याच्या मदतीशिवाय धोतर नेसायचं होतं. कुणालाच "ताकद" नको होती. प्रत्येकाला आपापलं एक काम परत हवं होतं. व्यायाम त्या कामापासून उलटा मोजत आखला जायचा. कामाला कोणती हालचाल लागते, ती कुठे अडते आणि अडते तिथली सगळ्यात लहान पायरी कोणती.

आठ दिवसांनी मी उत्तर घेऊन गेलो. "मला मुलांजवळ उकिडवं बसायचं आहे. आमची पोरं बसकरपट्टीवर बसतात."

"मग दिवाळीपर्यंत होणार नाही," त्या सरळ म्हणाल्या. "पण तिकडेच जाऊ."

घरचा व्यायाम सुरू झाला. स्टीलच्या ताटात टाच ठेवून ती मागे सरकवायची. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. पुढे घोट्याला अर्धा किलो मिठाची पिशवी बांधून, मग एक किलोची. दोन वजनकाटे शेजारी ठेवून त्यांवर उभं राहायचं. माझं वजन 72 किलो. पहिल्यांदा उजव्या काट्यावर 50 आले, डाव्यावर 22. मला मात्र शपथेवर वाटत होतं की मी सरळ उभा आहे.

मिठाच्या पिशवीमागचं तत्त्वही मला मॅडमकडूनच कळलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिकागोतल्या एका लष्करी इस्पितळात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांना तेव्हा हलक्या वजनानं पुष्कळ वेळा व्यायाम करायला लावत. लहानपणी आजारानं खंगलेल्या डीलॉर्मनं स्वतः वजनं उचलून शरीर कमावलं होतं. त्यानं सैनिकांना जड वजन मोजक्या वेळा उचलायला लावलं आणि जसजशी ताकद येई तसतसं वजन वाढवत नेलं. 1945 साली त्यानं ते लिहून प्रसिद्ध केलं. पुढे त्याची रीत ठरली, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. पहिली निम्म्या वजनानं, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण.

हे मी घरी कौतुकानं सांगितलं. वडील अडकित्ता थांबवून म्हणाले, "याच्यात नवं काय हाय? गोऱ्ह्याले पह्यल्या दिवशी वखराले जुपते काय कोनी? आंधी रिकामी बंडी, मंग थोडं वझं. आन् मान सुजली का चार दिवस सोडून द्या लागते."

मान सुजण्याचा भाग मी ऐकून न ऐकल्यासारखा केला. आमच्याकडे जिद्द या शब्दाला फार मान आहे. सत्काराच्या भाषणात, निरोप समारंभात, दहावीच्या निकालात, सगळीकडे जिद्द. मीही चेवानं सांगितल्याच्या तिप्पट व्यायाम केला. तिसऱ्या दिवशी गुडघा तापलेला, सुजलेला आणि मांडी पुन्हा झोपलेली. दोन आठवडे मागे गेलो.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली. "एक किलो, तीस वेळा: दुसऱ्या दिवशी सूज नाही. एक किलो, नव्वद वेळा: सूज, 10 अंश कमी. खुर्चीतून उठताना अजूनही उजवीकडे झुकतात. आरसा दाखवला की स्वतः दुरुस्त करतात." म्हणाल्या, "सूज म्हणजे शिक्षा नाही. तपासून आलेला पेपर आहे. वाचा तो."

मला मात्र त्या वहीतल्या नोंदीनं गप्प केलं. 2010 साली आमच्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसते गुण नकोत, प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहायची. कल्पना उत्तम. लवकरच अशा नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली आणि मीही त्यांतून उतरवू लागलो. "उपक्रमात आवडीने सहभागी होतो." "गणितात प्रगती आवश्यक." अशा शेकडो नोंदी मी सुवाच्य अक्षरात केल्या आहेत. मुलाचं नाव झाकलं तर त्या कुणालाही लागू पडतील. मॅडमच्या वहीतली नोंद मात्र माझ्या डाव्या गुडघ्याशिवाय जगात कुणाची असू शकत नव्हती.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी कॅरल ड्वेक यांचं नाव ऐकलं होतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पाचवीच्या मुलांच्या एका गटाला "तू हुशार आहेस" म्हटलं, दुसऱ्याला "तू मेहनत घेतलीस". हुशार म्हटलेली मुलं पुढे अवघड कोडी टाळू लागली. शिकागोच्या एका शाळेत नापासऐवजी "अजून नाही" असा शेरा देत असत, हेही त्या सांगतात. चहाच्या सुटीत आम्ही त्यावर हसलो होतो. मला ते फळ्यावर लिहायच्या सुविचारासारखं वाटलं होतं. सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ ठेवून बसल्यावर त्याचा अर्थ वेगळा लागला. "तुला जमेल" एवढं म्हणून काही जमत नाही. "आणखी मेहनत कर" म्हणूनही नाही. ते मी करून पाहिलं होतं. कुठे अडलं ते कुणीतरी जवळून पाहावं लागतं आणि रीत बदलावी लागते. "अजून" या शब्दाला पुढची पायरी जोडलेली नसेल तर ती नुसती समजूत आहे.

दिवाळीपर्यंत 95 अंश झाले आणि शाळेत रुजू झालो. एसटीची पहिली पायरी चढायला दांडा धरावा लागायचा, पण चढायचो. चढणं लवकर येतं, उतरणं उशिरा, हेही तेव्हाच कळलं. उतरताना मांडीच्या स्नायूला लांबत लांबत अंगाचा भार धरून ठेवावा लागतो, एकदम सोडून चालत नाही. नियम असा की चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

कळंबच्या चिंतामणीचा गाभारा जमिनीच्या खाली आहे. इतर देवांकडे चढून जातात, आमच्या देवाकडे उतरून जावं लागतं. माघातल्या चतुर्थीची गर्दी सरल्यावर एका सकाळी मी गेलो. कठडा धरून, दुखरा पाय आधी, एकेक पायरी. मागे एक म्हातारी थांबून राहिली होती. मी बाजूला होऊ लागलो तर म्हणाली, "उतर बापू निवांत. देव कुठी जाते?" खाली पोचल्यावर मांडी थरथरत होती. पहिल्या दिवशीच्या थरथरीपेक्षा ती फार मोठी थरथर होती आणि मला ती मोजता येत होती.

शाळेत मी अजून खुर्चीवरच होतो. मुलं वह्या घेऊन टेबलापाशी येत, मी उत्तर पाही, बरोबर किंवा फुली करी. पाहायला मिळे ते उत्तर. ते कसं आलं हे बसकरपट्टीवरच राहून जाई.

गुढीपाडव्याच्या आठवड्यात मॅडमच्या कोनमापकानं 134 दाखवले. दुसऱ्या दिवशी वर्गात मी भिंतीचा आधार घेऊन सावकाश खाली गेलो, टाचा थोड्या उचललेल्या, आणि त्या तिसरीच्या मुलाशेजारी उकिडवा बसलो. तो दचकला. वहीत 52 वजा 38 होतं. त्याची पेन्सिल एककाच्या घरात थांबली. त्यानं 2 कडे पाहिलं, 8 कडे पाहिलं, मग 8 मधून 2 काढून 6 लिहिले. दशकात 5 मधून 3, म्हणजे 2. उत्तर 26.

"इथे आठातून दोन का काढले?"

"दोनातून आठ जात नाई ना सर," तो म्हणाला. "मोठ्यातून लहान काढा लागते."

वर्षभर मी ज्याला गोंधळ म्हणत होतो, तो गोंधळ नव्हताच. तो एक नियम होता, मुलगा तो चोख पाळत होता, आणि बहुधा मीच पहिलीत शिकवलेला होता. त्याच्या फुल्या सगळ्या एकाच जागच्या होत्या. मी खिशातून काड्यांचा दहाचा गठ्ठा काढून त्याच्या हातात दिला आणि वरचं रबर सोडायला सांगितलं.

वहीत त्या दिवशी नोंद केली: "वर असो की खाली, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो. दशक सुटा करणं अजून नाही. काड्या दिल्यावर तीनपैकी एक उदाहरण स्वतः सोडवलं." तयार पुस्तकात ही नोंद सापडणार नाही.

हे सगळं लिहिलं ते नंतर, खुर्चीत बसून. त्याआधी उठायचं होतं. खाली बसणं साधलं होतं, पण उठणं मॅडमनी अजून शिकवलं नव्हतं. दोनदा जोर लावून पाहिला. मुलगा काड्या मोजायचा थांबून माझ्याकडे पाहत होता.

"सर, उठता येत नाई काय?"

"अजून नाई," मी म्हणालो. "हात दे."