पाच बोटांचे भाषण

मी तशी भित्री नाही. अंधारात गोठ्यात जाऊन म्हशीला वैरण टाकून येते. ओढ्यातला खेकडा हाताने धरते. तीसपर्यंतचे पाढे न अडखळता म्हणते. पण भाषण म्हटले की माझे पाय लटपटतात. आपल्या वर्गातल्या पुष्कळ मुलांचे असेच आहे, म्हणून मी हा लेख लिहिला आहे.

भाषण जवळ आले की मला काय काय व्हायचे ते सांगते. आदल्या रात्री झोप यायची नाही. सकाळी भाकरीचा घास उतरायचा नाही. नाव पुकारले की छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि हाताला घाम. समोर मुले, गुरुजी, बाई, सरपंच बसलेले. सगळ्यांचे डोळे माझ्याकडेच आहेत असे वाटायचे. मग पाठ केलेले सगळे पाण्यात मीठ विरघळावे तसे विरघळून जायचे.

एकदा मी बाईंना विचारले, "बाई, मला एकटीलाच असं का होतं?" बाई म्हणाल्या, "वाटेत साप दिसला तर काय होतं गं?" मी म्हणाले, "छाती धडधडते." बाई म्हणाल्या, "पळायला बळ लागतं, म्हणून काळीज जोरात चालतं आणि हातापायांना जास्त रक्त पोचवतं. भाषणाच्या वेळीही शरीर तशीच तयारी करतं. समोर साप नाही, आपलीच माणसं आहेत, हे त्याला कळायला जरा वेळ द्यावा लागतो. म्हणून उभं राहिल्यावर घाई करायची नाही. श्वास हळूहळू सोडायचा आणि मग बोलायचं."

बाईंनी आम्हाला महात्मा गांधींचीही हकिकत सांगितली. गांधीजी विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले आणि १८९१ साली परत आले. मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात ते उभे राहिले, पण त्यांना एकही प्रश्न विचारता येईना. ते खाली बसले आणि तो खटला दुसऱ्या वकिलाला द्यावा लागला. हे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. पुढे १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया शहरात त्यांनी आपल्या लोकांची सभा भरवली आणि भाषण केले. एवढ्या मोठ्या माणसाचीही बोबडी वळली होती हे ऐकून मला फार धीर आला.

१ ऑगस्टला आपल्या शाळेत भाषणे असतात. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक वारले आणि त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. बहुतेक मुले टिळकांवर बोलतात आणि शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतात. गेल्या वर्षी ती गोष्ट सात वेळा झाली. सातव्या वेळी तर मागच्या ओळीतली मुले पुढचे वाक्य आधीच म्हणत होती! म्हणून या वर्षी मी अण्णाभाऊंवर बोलायचे ठरवले.

पूर्वी दादा मला वहीत भाषण लिहून द्यायचा. त्यात 'अलौकिक प्रतिभा' असे जड शब्द असायचे. एक शब्द अडला की सगळी गाडी अडायची. या वेळी बाई म्हणाल्या, "पाठ करू नकोस. पाच गोष्टी पाच बोटांवर ठेव आणि तुझ्या शब्दांत सांग." मग मी बोटे वाटून घेतली. अंगठा म्हणजे वाटेगाव. दुसरे बोट म्हणजे दीड दिवसाची शाळा, कारण ते दीडच दिवस शाळेत गेले असे सांगतात. मधले बोट म्हणजे घरच्यांबरोबर मुंबईपर्यंत पायी गेले तो प्रवास. चौथे बोट म्हणजे शाहिरी आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. करंगळी म्हणजे १९५९ साली आलेली 'फकिरा' ही कादंबरी. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्पण केली आहे.

आधी मी शेळ्यांपुढे बोलले. त्या पाला खात राहिल्या. मग ओट्यावर आज्जीपुढे बोलले. आज्जीला कमी ऐकू येते. ती म्हणाली, "काय गं, पोटातल्या पोटात बोलतीस? मला काय बी ऐकाया येत न्हाई. पुन्यांदा बोल." असे आठ दिवस रोज चालले. आज्जीने मान हलवली की समजायचे, आवाज पोचला.

१ ऑगस्टला माझे नाव पुकारले. छाती धडधडलीच. मी श्वास हळू सोडला, अंगठा दाबला आणि बोलले. करंगळीपर्यंत पोचले तेव्हा मला कळलेसुद्धा नाही. माझा नंबर आला नाही. पण शेवटच्या ओळीतली पहिलीची मुले गप्प बसून ऐकत होती.

आता खरी गोष्ट पुढे आहे. आमची वस्ती ओढ्यापलीकडे आहे. ओढ्याला पूर आला की आम्ही पाच मुले काठावरून परत जातो. मागच्या पावसाळ्यात आमची नऊ दिवस शाळा बुडाली. आई घरी रोज म्हणते, "साकव पायजे." पण ग्रामसभेत ती मागे बसते. म्हणते, "चार माणसांत कसं बोलू? माझं तर त्वांडच उघडत न्हाई."

या वर्षी मी आईला म्हणाले, "आई, पाच बोटं घे." अंगठा म्हणजे ओढा, दुसरे बोट मुले, मधले नऊ दिवस, चौथे साकव आणि करंगळी ठराव. आई भाकरी थापता थापता बोटे मोजायची. आज्जी चुलीपुढूनच ओरडायची, "मोठ्यानं!"

१५ ऑगस्टला ग्रामसभा झाली. मी दाराशी बसले होते. आई उभी राहिली तेव्हा तिचा आवाज कापत होता आणि पदर तोंडाशी होता. मधल्या बोटापाशी तिने पदर सोडला आणि म्हणाली, "हजेरीपट बघा. नऊ दिवस पोरं गैरहजर हाईत. पोरं घरात लपून ऱ्हात न्हाईत, वाट न्हाई म्हनून येत न्हाईत." सगळे गप्प झाले. मग ग्रामसेवकांनी साकवाचा ठराव लिहून घेतला. साकव अजून झालेला नाही. पुढच्या ग्रामसभेत त्याचे काय झाले हे आई विचारणार आहे.

मित्रमैत्रिणींनो, मला अजूनही भीती वाटते. पण आता मी तिची वाट बघत बसत नाही. समजलेलेच बोला, पाठ करू नका. रोज कोणापुढे तरी मोठ्याने बोला. कोणी अडखळला तर हसू नका, कारण उद्या आपली पाळी असते. पालकांनो, तुम्हीही घरी आमचे भाषण ऐकत जा आणि सभेत आपले म्हणणे सांगत जा.

२ ऑक्टोबरच्या भाषणांसाठी ज्यांना सराव करायचा आहे त्यांनी संध्याकाळी आमच्या ओट्यावर यावे. आज्जी तिथेच असते. मात्र मोठ्याने बोलावे लागेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी