न्हाणीतला दगड

झाशीच्या जुन्या परकोटाच्या आत, लक्ष्मी दरवाजाकडे जाणाऱ्या एका बोळात, मराठी माणसांची जी थोडी घरे उरली आहेत त्यांपैकी एका घराची न्हाणी त्या वर्षी ज्येष्ठात उकरावी लागली. ओल प्रथम दिसली ती न्हाणीत नव्हे, देवघरात. सामाईक भिंतीचा रंग आधी फुगला, मग त्याचे पोपडे सुटले आणि गणपतीच्या कोनाड्याखाली चिमटीत पिठासारखा चुरणारा पांढरा लोणा फुलून आला. ऐंशीच्या घरातल्या काकूंनी तो रोज सकाळी कुंच्याने झाडावा आणि दोन दिवसांनी तो पुन्हा दिसावा, असे चार महिने चालले.

दोष कोणाचा, याविषयी काकूंना संशय नव्हता. मुलाने काही वर्षांपूर्वी भिंतीच्या पोटातून नळ नेला होता. तोच फुटला असणार. रेल्वेतून निवृत्त झालेला मुलगा वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याला न्हाणी मुळापासून नवी करायची होती, आणि त्याचे खरे कारण ओल नव्हते. आईला आता खाली बसून उठता येत नव्हते. उंच बैठक हवी होती, भिंतीला धरायला दांडी हवी होती. मधोमध मात्र दगड होता.

दगड बुंदेलखंडी ग्रॅनाइटचा, वापराने गुळगुळीत झालेला. लग्न होऊन आलेल्या काकूंना सासूबाईंनी याच दगडावर बसवून न्हाऊ घातले होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे लावलेली मुले इथेच कुडकुडली, आणि सासूबाईंचे अखेरचे स्नानही इथेच झाले. बंब गेला, घंगाळ माळ्यावर गेले; दगड राहिला.

झाशीतल्या मराठी घरांना स्नानाचे आणि पाण्याचे अगत्य नवे नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७-५८ च्या धामधुमीत या शहरात अडकले. १९०७ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये वेढा आणि लूट जशी आहे, तशी राणीसाहेबांची स्नानाची आवडही आहे. सर्वस्व गमावलेले भटजी कोकणात परतले ते आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. काकूंच्या घरी हे पुस्तक पोथीसारखे जपलेले होते. मैलोगणती वाहून आणलेल्या पाण्याचे मोल ज्यांना ठाऊक, त्यांना घरातल्या घरात झिरपणारे पाणी उमगू नये, हेही खरेच.

मिस्त्रीने आधी गिलावा ठोकून पाहिला. “अम्मा, चूने की दीवार पर सीमेंट चढ़ा है. साँस कहाँ से ले?” म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. चुन्यातली भिंत ओल शोषते तशीच ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट बसले की ओलीला तिथून सुटका नाही. ती वर चढते आणि जिथे जुना चुना उघडा सापडेल तिथे बाहेर पडते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. देवघराच्या बाजूला चुनाच होता.

मग नळ उघडा केला. तो धड होता, कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पहारी लावून दगड उचलला, तेव्हा खालची माती चिखल होऊन निघाली. दगडाच्या कडेचा चुना केव्हाच झिजला होता आणि त्याच्याखालची खापरी मोरी भंगलेली होती. प्रत्येक स्नानाचे थोडे थोडे पाणी वर्षानुवर्षे तिथूनच भिंतीच्या पायात उतरत होते.

काकू दारात उभ्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

“नळाचं काही नव्हतं तर,” अखेर त्या म्हणाल्या.

“राहू दे गं आई.”

“दगड चौकात ठेव. तुळशीपाशी.”

भिंतीचे सिमेंट काढून ती महिनाभर वाळू दिली, मग चुना-सुरखीचा गिलावा केला. जमिनीला चार फुटांत पाऊण इंच उतार दिला. फरशी बसवण्याआधी मोरीचे तोंड बांधून न्हाणीत चार बोटे पाणी अठ्ठेचाळीस तास कोंडून ठेवले. दुसऱ्या संध्याकाळी पाणी खुणेच्या खाली आलेले पाहून मुलगा घाबरला. उन्हाळ्याने आटले, असे मिस्त्री म्हणाला. काकूंचा आता कोणावरच एकदम विश्वास बसत नव्हता. पण त्यांनी पहिल्याच दिवशी, कोणालाही न सांगता, त्या पाण्यातच एक परात काठोकाठ भरून ठेवली होती. त्यांनी मुलाला आधी न्हाणीतले पाणी बोटाने मोजायला लावले, मग परातीतले. दोन्ही सारखेच उतरले होते.

“उघड मोरी,” त्या म्हणाल्या, आणि परात उचलून तुळशीकडे निघाल्या.