एकरी सव्वातीन टन

ऑक्टोबर म्हणजे निफाडच्या आमच्या बागेत गोडी छाटणी. कात्र्यांचा आवाज, काडीला लावायची पेस्ट, डोळे एकसारखे फुटतील ना ही धाकधूक आणि फुलोऱ्यात पाऊस नको म्हणून आईचं देवाला साकडं. त्याच महिन्यात इटलीच्या वायव्येला, पिएमोन्ते प्रांतातल्या लांगेच्या टेकड्यांवर नेबिओलो नावाच्या काळ्या द्राक्षाची काढणी चालते. तोरिनोला नोकरीसाठी आल्यावर एका सहकाऱ्याच्या ओळखीनं मी ला मोर्रा गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका छोट्या बागेत काढणीला जाऊ लागले. या द्राक्षापासून जी वाइन होते ती बारोलो. तिच्याविषयी मी जे काही शिकले ते आधी बागेत शिकले. पेला नंतर हाती आला.

पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्यातली बागायतदाराची मुलगी गोंधळूनच गेली. मांडव नाही, ठिबकच्या नळ्या नाहीत, सपाट जमीन तर नाहीच. उभ्या उतारावर तारांच्या रांगा आणि घडावर घड न टेकलेल्या, सुटसुटीत वेली. माझ्या रांगेतली बहुतेक माणसं उत्तर मॅसिडोनियाहून कामाला आलेली होती. त्यांचे हात इतके सराईत होते की माझी निम्मी रांग होईस्तोवर ती खालच्या टोकाला पोचलेली असत. बागेची मालकीण सत्तरीच्या पुढची. तिनं सांगितलं, की बारोलोच्या नियमाप्रमाणे हेक्टरी आठ टनांपेक्षा जास्त माल घेता येत नाही. मी मनातल्या मनात हिशेब केला. एकरी जेमतेम सव्वातीन टन!

संध्याकाळी वडिलांना, म्हणजे आबांना, फोन केला. आबा माळकरी. आयुष्यभर द्राक्षं पिकवली, पण वाइनचा थेंब ओठाला लावलेला नाही. एकरी दहा-बारा टनांच्या हिशेबात वाढलेल्या त्या माणसाला आधी खरंच वाटेना. मग त्यांनी विचारलं, "जास्तीचे घड काय करतात?"

"कच्चे असतानाच कापून खाली टाकतात."

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "विरळणी आपणही करतो की. पण एवढी करायला पदरात भाव पाहिजे."

बारोलोची सगळी कहाणी त्या एका वाक्यात आहे, हे मला पुढे कळत गेलं.

नेबिओलो हे हट्टी पीक. फुटतं लवकर, म्हणून वसंतातल्या उशिराच्या थंडीचा धोका. पिकतं सगळ्यांत उशिरा, म्हणून शरदातल्या पावसाचा धोका. त्याला ऊन हवं, त्यामुळे निव्वळ उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावरचं द्राक्ष बारोलोसाठी चालतच नाही. अकरा गावांच्या शिवारात पिकलेलं, शंभर टक्के नेबिओलो एवढंच काय ते बारोलो. त्यातही मातीनुसार स्वभाव बदलतो. पश्चिमेकडे ला मोर्रा आणि बारोलो या गावांच्या बाजूला निळसर करड्या चुनखडी मातीचे थर आहेत. तिथली वाइन सुगंधी आणि लवकर मोकळी होणारी. पूर्वेकडे सेर्रालुंगा आणि दक्षिणेला मोन्फोर्तेकडे माती जुनी, वाळूच्या दगडानं घट्ट झालेली. तिथली वाइन कणखर, वर्षानुवर्षं टिकणारी. 2014 साली युनेस्कोनं या टेकड्यांना जागतिक वारशाचा मान दिला. पर्यटक उतारांचे फोटो काढतात. मी मात्र प्रत्येक उताराचं तोंड कुणीकडे आहे ते बघत फिरते.

आता ती चवीला कशी? पेल्यात ओतल्यावर ती फिकट दिसते. पातळ डाळिंबी रंग आणि जुनी असेल तर कडेला विटकरी छटा. त्यावरून वाइन हलकी असेल असं वाटतं आणि पहिला घोट घेताच तुरटपणा हिरड्यांना धरतो. सोबत चांगलीच आंबट धार. वास मात्र असा, की नाक पेल्यातून निघू नये. सुकलेले गुलाब, चेरी, डांबर आणि जुनी झाली की ओलसर पालापाचोळा. गुलाब आणि डांबर एकत्र कसे नांदतील, असं ऐकताना वाटतं. वास घेतल्यावर ते पटतं.

हा तुरटपणा निवायला वेळ लागतो, म्हणून काळाची अट नियमातच आहे. काढणीच्या वर्षाच्या 1 नोव्हेंबरपासून किमान 38 महिने मुरवण, त्यातले 18 लाकडात. बाटलीवर 'रिझेर्वा' असेल तर 62 महिने. म्हणजे 2020 ची द्राक्षं 2024 उजाडल्यावर विक्रीला आली. तीही तेव्हा लहानच म्हणायची. चांगल्या वर्षाची बारोलो दहाव्या वर्षाच्या आसपास बोलू लागते. त्याआधी उघडायचीच असेल तर दोनेक तास आधी रुंद भांड्यात ओतून ठेवावी, मोठ्या पेल्यातून प्यावी. फार गार नको, सोळा ते अठरा अंश पुरे. आणि नुसती पिऊ नये. हिला जेवण लागतं. बागेच्या मालकिणीच्या घरी काढणीच्या जेवणात लोण्यात घोळलेल्या बारीक, पिवळ्या शेवया असत. त्यांना ताजारिन म्हणतात. शेवटच्या दिवशी त्याच वाइनमध्ये तासन् तास मंद शिजवलेलं मांस. मी मांस खात नाही. माझ्यासाठी डोंगरातलं कास्तेलमाञो चीज आणि रानातली अळंबी असायची. स्निग्ध पदार्थ तोंडात असला, की तोच तुरटपणा सुखाचा होतो. आपल्या झणझणीत रश्शासोबत मात्र ही काढू नये. तिखटानं तुरटपणा आणखी टोचतो आणि दोन्हींची चव जाते.

एवढं कुठल्याही जाणकाराकडून कळलं असतं. मालकीणबाईंनी जे सांगितलं त्यानं मी हलले.

बारोलोला राजांची वाइन म्हणतात. पण ही द्राक्षं पिकवणारे पिढ्यान् पिढ्या दरिद्री होते. बेप्पे फेनोल्यो या लांगेतल्याच आल्बा शहराच्या लेखकाची 1954 मधली 'ला मालोरा' ही कादंबरी याच टेकड्यांवरच्या उपासमारीची आहे. बाईंच्या लहानपणी शेतकरी आपली द्राक्षं गाडीत घालून आल्बाच्या बाजारात नेत. व्यापारी सकाळी बघून जात, बोलत नसत. दिवस कलला, माल उन्हात खराब होऊ लागला, की मग भाव सांगत. "परत नेणार कुठे? वडील काही न बोलता मान हलवत," त्या म्हणाल्या. आमच्या बागेच्या बांधावर व्यापाऱ्याची गाडी येते, तेव्हा आबांची मान अशीच हललेली मी पाहिली आहे. एका हंगामात तर माल उचलून नेलेल्या माणसाचा फोनच लागेनासा झाला होता.

मग लांगे बदललं कसं? 1958 साली कास्तिल्योने फाल्लेत्तोचे सरपंच आणि शाळामास्तर आर्नाल्दो रिवेरा यांनी शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी उभी केली, 'तेर्रे देल बारोलो'. प्रवरानगरचा कारखाना माहीत असलेल्या मराठी माणसाला त्यामागचं बळ वेगळं समजवावं लागत नाही. 1961 च्या हंगामापासून काहींनी एकाच उताराची वाइन त्या उताराच्या नावानं बाटलीत भरली. 1970 च्या दशकात रेनातो रात्ती यांनी उत्तम उतारांचा नकाशा काढला. घराघरांतून बाटल्या निघू लागल्या आणि त्यांवर पिकवणाऱ्याचं आडनाव आलं. 1980 मध्ये बारोलोला कायद्याचा सर्वोच्च दर्जा मिळाला.

भांडणंही झाली. एलिओ आल्तारे या तरुणानं 1983 मध्ये वडिलांची जुनी मोठी पिंपं करवतीनं कापली, लहान फ्रेंच पिंपं आणली, कच्चे घड कापून टाकले. वडिलांनी त्याला वारसातून वगळलं. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो मोठ्या पिंपांवर आणि अनेक उतारांची द्राक्षं एकत्र करण्याच्या जुन्या रीतीवर ठाम राहिले. दोघांच्याही वाइन मी चाखल्या आहेत आणि बाजू घेण्याची गरज मला वाटत नाही. दोघंही स्वतःच्या नावानं भांडले, हे मला मोठं वाटतं. ज्याचा माल बाजारात बेनाव विकला जातो, त्याला पिंप कोणतं वापरावं यावर वाद घालायची चैन नसते.

आबा म्हणाले तो पदरातला भाव इथून आला. नाव आलं म्हणून भाव आला आणि भाव आला म्हणून एकरी सव्वातीन टनांवर थांबणं परवडू लागलं. लोक गुणवत्तेला आधी शिस्त लागते म्हणतात. लांगेत मी उलटा क्रम पाहिला. शेतकऱ्याचा हक्क आधी आला, शिस्त त्याच्या मागून आली.

म्हणून कुणी बारोलो घेताना सल्ला विचारला, तर मी वर्ष आणि गुण यांच्या आधी लेबल वाचायला सांगते. 'इम्बोत्तिल्यातो आल्लोरिजिने' हे शब्द शोधावेत. द्राक्षं, वाइन आणि बाटली एकाच घरची किंवा शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची आहे, असा त्याचा अर्थ. त्याखाली गाव आणि असलाच तर उतार. पहिलीच ओळख असेल तर ला मोर्राची घ्यावी, ठेवायला जागा आणि धीर असेल तर सेर्रालुंगाची. पैसे बेताचे असतील, तर त्याच शेतकऱ्याची 'लांगे नेबिओलो' घ्यावी. द्राक्ष तेच, मुरवण कमी, दामही कमी.

नाशिकच्या द्राक्षाला जगात नाव आहे, नाशिकच्या शेतकऱ्याला मात्र अजून फार थोड्या ठिकाणी आहे. आमच्याकडे माती आहे, पाणी आहे, विरळणी करणारे हात आहेत. आबा वाइन पिणार नाहीत आणि त्यांनी प्यावी असा माझा आग्रहही नाही. पण त्यांच्या मालाच्या पेटीवर व्यापाऱ्याच्या शिक्क्याऐवजी त्यांचं स्वतःचं नाव असावं, हा आग्रह मी सोडणार नाही. तो व्यवहार्य आहे, हे अकरा गावांनी करून दाखवलं आहे.