‘ये’ची पत

कुत्र्याला शिकवायला बोलावणाऱ्यांना बहुतेक वेळा शेकहँड हवा असतो. पंजा देतो का, पाहुण्यांसमोर बसून दाखवतो का. मुंबईच्या आरे कॉलनीतल्या घरांना मी सांगते, ते सगळं पावसाळ्यात, घरात बसून कंटाळा आला की करू. आधी एकच: हाक मारली की कुत्रा परत आला पाहिजे.

इथे हा हौसेचा मामला नाही. कॉलनीला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात कुत्र्याचा वाटा चांगलाच मोठा निघाला. त्यामुळे अंधार पडायच्या आत फिरणं उरकायचं, रात्री कुत्रा घरात घ्यायचा, खरकटं दाराबाहेर टाकायचं नाही. खरकट्यावर भटकी कुत्री जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो. रॉयल पाम्सच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर राहा नाहीतर पाड्यावर, हे नियम सारखेच.

‘‘ताई, ऐकतच नाही हो तो. मुद्दाम करतो,’’ ही तक्रार घरोघरी असते. मग मी विचारते, शेवटचं ‘ये’ म्हणालात तेव्हा तो आल्यावर काय झालं? जरा आठवून उत्तर येतं: आंघोळ घातली. त्याआधी? कान साफ केले. त्याआधी खेळ थांबवून पट्टा अडकवला आणि घरी आणलं. एकदा तर चप्पल कुरतडली म्हणून बोलावून दोन रट्टे दिले. चप्पल तासाभरापूर्वीची, मार आत्ताचा. कुत्रा हिशोब जोडतो तो अगदी लगतच्या दोन गोष्टींचा. त्याच्या दृष्टीने मार मिळाला तो आल्याबद्दल. अशाने त्या शब्दाची पत जाते, आणि बुडालेली पत ओरडून परत मिळत नाही.

म्हणून बिघडलेल्या घरात मी जुना शब्द सरळ सोडून देते आणि नवा घेते. ‘इकडे’ चालेल, शिट्टी चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा. आजोबांनी वेगळा, नातवाने इंग्रजी, असं नाही. सुरुवात स्वयंपाकघरातून: दोन पावलांवरून हाक, तो वळताच ‘शाब्बास’, आणि लगेच तोंडात पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा शेंगदाण्याएवढा तुकडा. ‘शाब्बास’ आणि तुकडा यांत सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर नको. डबा शोधत बसलात तर बक्षीस मिळतं ते डब्याकडे बघण्याला. चार-पाच मिनिटांत थांबायचं, तो कंटाळायच्या आधी. कांदा-लसणाचं, बेदाणे, चॉकलेट मात्र अजिबात नको. पुढे जिना, मग सोसायटीचं आवार, मग मोकळी जागा, पण हार्नेसला पंधरा-वीस फुटांची दोरी बांधून. आला की खाऊ द्यायचा आणि बहुतेक वेळा पुन्हा सोडायचं, ‘जा’. लोकांना हे ‘जा’ फार जड जातं. पण येणं म्हणजे मजा संपणं, असं एकदा त्याच्या डोक्यात बसलं की संपलंच.

दरारा बसवा म्हणणारे भेटतातच. घरात मालक कोण ते कुत्र्याला दाखवावं लागतं, हा त्यांचा सिद्धांत. त्याचं मूळ १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिवासातल्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणात आहे. पुढे डेव्हिड मीच यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. त्यात सिंहासनाची मारामारी नसते. शास्त्रज्ञ सावरले, गल्लीतले तज्ज्ञ अजून काटेरी पट्टा विकतात. आणि दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली क्रूरतेतच मोडतं. बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही, तर तेही त्यात आलं.

पाड्यांवरची कुत्री कुणी शिकवलेली नसतात. आरेत सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. त्यांतल्या एकावर एक वारली आजी दिवेलागणीला पातेल्याच्या काठावर पळी वाजवतात. रानात पांगलेली त्यांची तिन्ही कुत्री धावत ओट्यावर येतात. पातेल्यात कधी मासळीचं डोकं, कधी नुसता भात, पण रिकामं पातेलं त्यांनी कधी वाजवलेलं नाही. मी काय काम करते ते समजल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘आणि याचे लोक पैसे देतात?’’ मी हो म्हटलं. त्या बराच वेळ हसत होत्या.

पनीर सगळीकडे जिंकतंच असं नाही. १९४९ साली दुधासाठी वसवलेली ही कॉलनी, त्यामुळे तबेल्याशेजारून जाणं टळत नाही, आणि सध्या माझ्याकडे एक लॅब्रडॉर आहे ज्याला ताज्या शेणात लोळण्यापुढे जगात काही दिसत नाही. आम्ही तबेल्यापासून लांब उभे राहतो, जिथून त्याला वास येतो पण माझी हाकही कानात शिरते. तिथे तो येतो. दहा पावलं पुढे सरकलं की येत नाही. चिकन झालं, कलेजी झाली. दोरी अजून सोडलेली नाही. त्याच्या मालकीणबाई विचारतात, सुटी कधी मिळणार त्याला? मी म्हणते, आज आपण एक पाऊल पुढे उभे राहून बघू, आणि कलेजीचा डबा उघडते.