नाव पाण्यात, नाव यादीत

मराठीत 'नाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि पाचूबंदरला राहणाऱ्या माणसाला ते दोन्ही सारखेच महत्त्वाचे. पाण्यावर चालते ती नाव, आणि माणसाला ओळख देते तेही नाव. पहिल्या नावेची आमच्याकडे फार काळजी घेतात. तिला रंग लावतात, तिची पूजा करतात, पावसाळा आला की तिला वर ओढून झाकून ठेवतात. दुसऱ्या नावाकडे मात्र, म्हणजे मतदार यादीतल्या नावाकडे, आम्हा तरुण मंडळींचे फारसे लक्ष नसते.

कोळीवाड्यात माणूस मोठा केव्हा झाला, हे ठरवायला जन्मदाखला लागत नाही. मुलगा पहिल्यांदा खलाशी म्हणून बोटीवर गेला आणि तांडेलाने त्याच्या हाती दोर दिला, की तो मोठा झाला. मुलगी एकटी बाजारात बसून भाव करू लागली, की ती मोठी झाली. देशाने मात्र वय आकड्यात ठरवले आहे. 1950 साली राज्यघटनेने 21 वर्षांवरील प्रत्येकाला मत दिले. पुढे 61 वी घटनादुरुस्ती 28 मार्च 1989 पासून अमलात आली आणि ही अट 18 वर्षांवर आली. ते तीन वर्षांचे अंतर कमी करायला देशाला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. आणि आपण? आपण ते मिळालेले हक्काचे पान उलटूनही पाहत नाही!

2024 च्या पावसाळ्यात मासेमारी बंद होती आणि सगळ्या बोटी किनाऱ्यावर होत्या. आम्ही तिघी मैत्रिणी नमुना 6 चे अर्ज घेऊन घरोघर फिरलो. मुले जाळी विणत बसली होती. त्यातला एकजण हातातली सुई न थांबवता म्हणाला, "ताय, मत दिल्याव बोंबील जास्ती गावणार हाय का?" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न चांगला होता, म्हणून त्याचे उत्तर द्यायचे ठरवले.

बोंबील मताने मिळत नाहीत, हे खरे. पण किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियम राज्य सरकार करते. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा विधानसभेचाच. डिझेलवरच्या कराचा परतावा मुंबईत ठरतो. त्यापलीकडच्या समुद्राचा कारभार दिल्लीकडे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला मच्छीमारांनी किती विरोध केला, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. तरी 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. आणि गल्लीतले गटार, दिवा, कचरा हे सारे महापालिकेकडे. म्हणजे जाळे पाण्यात टाकण्याआधीच त्याच्याविषयी तीन ठिकाणी निर्णय झालेले असतात. तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, दे कागुद."

मित्रहो, आपली वसई चळवळीला नवी नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी माणसे रस्त्यावर उतरली, हे आपण घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. पण मोर्च्याला जायला यादीत नाव लागत नाही, मतदानाला लागते. ओळखपत्र हरवले तर आधारसारखा दुसरा पुरावा चालतो, परंतु यादीतच नाव नसेल तर खिशातले ओळखपत्रही उपयोगी पडत नाही.

यादीतून गळणे म्हणजे काय, हे या देशातल्या स्त्रियांना पहिल्याच निवडणुकीत कळले. 1951-52 च्या त्या निवडणुकीत सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. कारण त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारल्या नाहीत. तो निर्णय तेव्हा कठोर वाटला असेल, पण स्त्रीला स्वतःचे नाव उच्चारायला त्याने भाग पाडले. आमच्या गल्लीत आजही कित्येक आज्या नातवाच्या नावानेच ओळखल्या जातात. त्यांची नावे मला कळली ती मतदार यादी वाचताना!

एका मताने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी आपल्याच मतदारसंघाचा दाखला देते. नोव्हेंबर 2024 मध्ये वसई विधानसभेचा निकाल 3,153 मतांनी लागला. कोण जिंकले, कोण हरले, हा या लेखाचा विषय नाही. एवढी मते चार-दोन महाविद्यालयांच्या वर्गांतही सापडतील.

माझ्या मामेभावाची गोष्ट आणखी निराळी. महापालिकेची निवडणूक 2015 साली झाली तेव्हा तो सात वर्षांचा होता. 2020 मध्ये मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पण त्याचा वाढदिवस ऑगस्टचा आणि मतदानासाठी धरलेली यादी 1 जुलै 2025 ची. आता त्याला आणखी पाच वर्षे थांबायचे. पण तो रुसून बसला नाही. "प्रभागाची सभा असली की मला कळव, मी ऐकायला येईन," एवढेच म्हणाला. मत नसतानाही नागरिक होता येते, हे त्याने मला दाखवले.

समुद्राला जशी भरती-ओहोटी, तशा यादीलाही तारखा आहेत. पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख होती. आता 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर याही आहेत. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. त्यातली 1 जुलै ही तर जणू आमच्यासाठीच! बंदीचा काळ, बोटी वर, मुले घरी. हंगामात ती पहाटे निघतात, कधी दिवसेंदिवस परतत नाहीत. त्यांच्या मागे कोण धावणार? म्हणून प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. जागृतीची भाषणे सभागृहात होऊ द्यात, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला एक टेबल आणि दोन खुर्च्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावरही मांडू या. अर्ज आपण भरू. मुले जाळी विणता विणता सही करतील. आणि बोट पाण्यात जाईल तेव्हा तिच्यावरच्या प्रत्येकाचे नाव यादीत गेलेले असेल.