राखीव हवा

माझ्या मोटारीला पाणी लागत नाहीं, ही माझी अनेक वर्षांची प्रौढी आहे. उन्हाळ्यांत इतरांच्या गाड्या वाफा टाकीत रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात, त्यांचे मालक हातांत डबा घेऊन विहीर शोधीत फिरतात, आणि माझी जुनी फोक्सवॅगन बीटल त्यांच्या शेजारून फटफट करीत निघून जाते. तिचें इंजिन पाठीमागें असतें आणि तें वाऱ्यानेंच थंड होतें. असें कोरडें व्रत घेतलेल्या या गाडींत गेल्या वैशाखांत माझ्या पायावर पाण्याचा थेंब पडला, तेव्हां मला प्रथम नवल वाटलें आणि मग अपमान वाटला.

गाडी मूळची माझ्या मामांची. १९७० सालीं तयार झालेली ही मोटार त्यांनीं मुंबईस, मायदेशीं परतणाऱ्या एका परदेशी गृहस्थाकडून घेतली आणि १९८२ सालीं हिंगोलीस आणली. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांतलें तालुक्याचें गांव होतें. तें स्वतः जिल्ह्याचें ठिकाण झालें १९९९ च्या १ मे रोजीं. मधल्या काळांत गल्लींतला प्रत्येक नवरदेव आणि प्रत्येक बाळंतीण या गाडींतून एकदां तरी गेली असेल. मुलें तिला 'कासव' म्हणत. गाडी मागणाऱ्याला गाडी आणि पैसे मागणाऱ्याला पैसे, हा मामांचा खाक्या होता. ते गेल्यावर कासव माझ्या अंगणांत आलें, आणि मामीहि आमच्याच घरीं राहूं लागल्या.

पाण्याचा उगम शोधण्यास वेळ लागला नाहीं. बॅटरींतलें सोडलें तर या गाडींत पाणी असतें तें एकाच ठिकाणीं : पुढची कांच धुण्याच्या टाकींत. आमच्याकडे मोंढ्यांत हळदीची आवक सुरू झाली कीं रस्त्यावर पिवळी धूळ उडूं लागते, आणि ती पुसावयास गेलें कीं कांचेवर हळदीकुंकवाचा समारंभ झाल्यासारखा दिसतो. तेव्हां ही टाकी कामाला येते. परंतु तिच्यांतलें पाणी कांचेवर चढविण्यासाठीं या गाडींत विजेचा पंप नाहीं. १९६८ च्या सुमारास तिच्या कर्त्यांनीं एक अजब युक्ति योजिली. पुढच्या झांकणाखालीं स्टेपनी ठेवलेली असते. तिच्यांतली हवा एका नळीनें टाकींत सोडली. हवा पाण्याला रेटते, पाणी बटणापर्यंत येऊन थांबतें, आणि बटण दाबलें कीं कांचेवर उडतें. अडल्या वेळेसाठीं ठेवलेलें चाक रोजच्या धुण्याचा भार उचलतें!

थेंब पडत राहिला आणि मी पायाखालीं फडकें अंथरून गाडी चालवीत राहिलों. मग एका सोमवारीं मामींना घेऊन औंढा नागनाथाच्या दर्शनाला निघालों असतां वाटेंत मागचें चाक बसलें. "स्टेपनी आहे ना रे?" मामींनीं विचारलें. "आहे तर!" मी ऐटीनें उतरलों. झांकण उघडून चाकावर अंगठा दाबला, तों तें शिळ्या भाकरीसारखें मऊ. कित्येक आठवडे मी कांच धूत होतों, आणि राखीव चाक मुकाट्यानें रितें होत होतें. आम्ही एका रिक्षांतून परत आलों. मामी वाटेंत एक शब्दहि बोलल्या नाहींत. तें न बोलणें मला झोंबलें, कारण त्यामागें एक जुना हिशेब होता.

१९९६ सालीं एका मित्राबरोबर कापडाचें दुकान काढण्याचें माझ्या मनांत आलें आणि मीं मामांकडे दहा हजार रुपये मागितले. मामा लागलीच हो म्हणाले आणि मामींकडे वळले. "नाही जमायचं," मामी म्हणाल्या. "अगं, कपाटांत आहेत कीं," मामा म्हणाले. "आहेत. पण ते द्यायचे नाहीत." माझी कॉलेजची तीन वर्षांची फी त्याच कपाटांतून आली होती, हें मी त्या क्षणीं सोयिस्करपणें विसरलों. पुढें कित्येक वर्षें मीं मामींची चिक्कूपणाबद्दल थट्टा केली, आणि ती नुसती थट्टा नव्हती.

गाडी दुरुस्त करण्यास मोटारीचा एकहि कारागीर तयार होईना. शेवटीं एकानें मला फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे पाठविलें. कपाशीवर औषध मारण्याचे पंप आणि घासलेटचे स्टोव्ह यांच्या पसाऱ्यांत ते बसले होते. त्यांनीं टाकी, नळी आणि चाक यांवरून एकदां नजर फिरविली आणि म्हणाले, "साहेब, हा तर आपला फवाऱ्याचाच पंप आहे. हवा भरायची, पाणी ढकलायचं. स्टोव्हचंहि तेंच." आणि खरेंच होतें. १८९२ सालीं स्वीडनमध्यें जन्मलेला प्रायमस स्टोव्ह, शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप आणि माझी जर्मन मोटार हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत, हें मला पन्नाशी उलटल्यावर एका पंपवाल्यानें शिकविलें.

त्यांनीं साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना लावला. नळीच्या सांध्याशीं बुडबुडे आले : तेथून हवा जात होती. बटणामागची रबरी चकती इतक्या वर्षांत वाळून चिरली होती : तेथून पाणी येत होतें. रबराचें वय झालें होतें, दुसऱ्या कोणाचा दोष नव्हता. चकती त्यांनीं पंपाच्या सामानांतून शोधून बसविली. नळी ठिबक सिंचनाच्या दुकानांतून आणली, गरम पाण्यांत बुडवून मऊ केली आणि जोडावर चढवून तारेनें आवळली. मला वाटलें, झालें. परंतु चाचांनीं चाकाजवळचा तुकडा उचलून प्रकाशांत धरला. "खरा रोग इथं आहे. ही झडप मिटतच नाही."

या झडपेची कथा सांगण्याजोगी आहे. स्टेपनींत चौरस इंचाला ४२ पौंड हवा भरावयाची असते. चालत्या चाकांना लागते त्याहून ही बरीच अधिक. कांच धुण्याला मिळतो तो या वरच्या हवेचा वांटा. दाब २६ पौंडांपर्यंत उतरला कीं ही बारीक झडप आपोआप मिटते. मग तुम्ही कितीहि बटण दाबा, चाक कांचेसाठीं आणखी हवा देणार नाहीं. परंतु तुम्हांला घरीं पोंचविण्याइतकें बळ तें आपल्यापाशीं ठेवील. माझ्या गाडींत झडपेची स्प्रिंग गंजून अडकली होती. चाचांनीं ती घासून, तेल देऊन, खालीं एक पातळ चकती घालून पुनःपुन्हां तपासली. तिसऱ्या खेपेस कांटा २६ जवळ आला आणि झडप बारीक 'टक्' करून मिटली.

तो आवाज ऐकून मला कपाटाचें दार आठवलें. २००९ सालीं मामांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करावयाची ठरली, तेव्हां त्यांनीं ज्यांना ज्यांना दिलें होतें त्या सर्वांकडे मी गेलों. माणसें वाईट नव्हतीं. त्या दिवशीं त्यांच्यापाशीं नव्हतें, एवढेंच. संध्याकाळीं मामींनीं कपाटांतून मुदत ठेवीच्या पावत्या काढून माझ्या हातांत दिल्या. माझे न मिळालेले दहा हजार त्यांत होते. मामा त्यानंतर सात वर्षें जगले. मीं पावत्या घेतल्या, पैसे भरले. पण जें बोलावयास हवें होतें तें बोललों नाहीं.

पुढच्या सोमवारीं आम्ही पुन्हां औंढ्यास निघालों. मोंढ्यापाशीं कांच पिवळी झाली. मीं बटण दाबलें, दोन स्वच्छ धारा उडाल्या आणि पाय कोरडा राहिला. तेव्हां मीं मामींना ४२ आणि २६ पौंडांची ती सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटीं म्हणालों, "मामी, १९९६ सालीं तुम्ही बरोबर होतां. मला हें फार पूर्वीं सांगायला हवं होतं."

मामी बराच वेळ बाहेर पाहत राहिल्या. मग त्यांनीं विचारलें, "आता किती हवा आहे रे त्यांत?"

"असेल अडतीस-चाळीस."

"मग धू कीं अजून एकदां. तुझ्या बाजूला अजून हळद दिसते आहे."